रंग आला की

सिद्रामप्पा मास्तरांना साधं "किती वाजले?" असं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. मनगटावर घड्याळ असायचं. ते घड्याळाकडं बघायचे, वेळ मनातल्या मनात वाचायचे, मग तो हात पाठीमागं नेऊन म्हणायचे, "सांगतो की. आदी तू मला एक सांग."

"काय सांगू अप्पा?"

"मला ठाऊक नसलेलं काय बी. एक दे, एक घे. फुकटचं शिकलेलं अंगाला लागत न्हाय."

विचारणारा डोकं खाजवत उभा राहायचा. तोवर कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि वेळ आपोआप कळायची.

हा नियम सगळ्यांना सारखा. सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, बीपी वाढलंय, मीठ कमी करा. दुसरा कुणी चिठ्ठी घेऊन उठला असता. अप्पा बसून राहिले. "ह्ये तुमी दिलं. आता माझं घ्या." डॉक्टरांच्या कोटाच्या खिशावर शाईचा डाग होता, तो कसा काढायचा ते त्यांनी सुरू केलं. आधी दूध, मग लिंबू, मग ऊन, आणि ऊन कुठल्या वेळचं. बाहेर पेशंट खोकत बसलेले. शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "अप्पा, डाग राहू द्या, तुम्ही उठा."

"डाग ऱ्हाऊ दे कसं?" अप्पा दारातून मागं वळून म्हणाले. "मीठ मी सोडणार की. मग डाग तुमी सोडा."

अप्पा म्हणजे आमच्या रंगखात्याचे मास्तर. टॉवेलच्या कारखान्यात सूत जिथं रंगवतात ते रंगखातं. सुताच्या लडी गरम पाण्याच्या टाकीत सोडायच्या, रंग द्यायचा, मीठ द्यायचं, सोडा द्यायचा, काढून धुवायच्या. सांगायला एवढंच आहे. पण एवढ्याशात माणसाचा जन्म जातो, आणि लडी डागाळली तर नोकरीही जाते. अप्पा त्यात चाळीस वर्षं होते. त्यांच्या हातची एकही लडी कधी डागाळली नाही असं म्हणायचे. ते स्वतः तर म्हणायचेच, पण त्यांच्यावर जळणारेही म्हणायचे.

मी वाशीमकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या मागं सोलापूरला आले, तो बांधकामावर होता. तिसऱ्या वर्षी तो वरून पडून गेला. मी राहिले. परत जायला मागं घर असावं लागतं, ते नव्हतं, म्हणून राहिले. भवानी पेठेत एक खोली घेतली आणि रंगखात्यात लडी बांधायच्या रोजंदारीला लागले. साहेबांनी नुसतं नाव घेतलं तरी मला वाटायचं, झालं, उद्यापासून येऊ नको म्हणतात. म्हणून मी कुणाला काही विचारायचीच नाही. विचारलं की लोकांना कळतं, हिला येत नाही.

अप्पांनी हे ओळखलं असावं. एक दिवस येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"तू कुटली गं?"

"वाशीमची."

"वाशीमला काय असतंय?"

"हळद असते."

"मग हळदीचं एक सांग."

मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. मग आईचं आठवलं. म्हटलं, हळद कढईत शिजवतात. शिजली का नाही ते बघायला कांडीत काडी टोचतात. काडी आरपार गेली म्हणजे झाली. त्याच्या वर शिजली तर रंग बिघडतो.

भुकेल्या माणसासमोर ताट ठेवावं तसे अप्पा माझ्याकडं बघायला लागले. "काडी? कशाची काडी?"

"गवताची, तुरीची, कशाचीबी."

"आन ज्यादा शिजलं तर रंग जातोय. आरं, आपल्यासारखंच की!"

त्या दिवसापासून माझं नाव वाशीम पडलं. बदल्यात त्यांनी मला एक गाठ शिकवली. लडी त्या गाठीनं बांधली की रंग गाठीच्या आतसुद्धा जातो, पांढरा ठिपका राहत नाही. ती गाठ हातात होती म्हणून मी टिकले. त्याच महिन्यात माझ्याबरोबर लागलेल्या तिघी घरी बसल्या.

आणखी एक खोड होती. कुठलीही गोष्ट सांगताना अप्पा देणाऱ्याचं नाव आधी घ्यायचे. "मल्लय्यानं दिलं, सकाळचं बोअरचं पाणी जड असतंय." "रहीमचाचानं दिलं, निळ्याच्या मागं त्याच टाकीत पिवळा घ्यायचा न्हाय." "आमच्या गौरानं दिलं, वल्ला रंग खोटं बोलतोय, वाळल्याबिगर इस्वास ठेवू नगं." गौरा म्हणजे त्यांची बायको. सुरुवातीला मी विचारलं, ही माणसं कुठल्या पाळीला असतात? अप्पा टाकीत बघत म्हणाले, "मल्लय्या मेला. चाचा बी मेला. गौरा बी." आणि काठीनं लडी फिरवायला लागले. निम्मं रंगखातं मेलेल्या माणसांच्या जोरावर चाललं होतं. त्या यादीत जिवंत आम्ही चारदोनच. पण महिन्याभरात मी माझ्या कानांनी ऐकलं, ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, "वाशीमनं दिलं, शिजलं का न्हाय ते टोचून बघावं."

सातवीत शाळा सुटलेल्या बाईचं नाव असं कुणी घेतलं की ती त्या माणसासाठी काय करणार नाही? मी पुढं काय केलं ते सांगणारच आहे.

माणसांशी अप्पा मराठी बोलायचे, रंगाशी मात्र कन्नड. मूळचे अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंगचे, तिकडं घरोघर दोन्ही भाषा. टाकीवर वाकून रंगाला म्हणायचे, "बा, बा," म्हणजे ये, ये. रंग घाईनं एकाच बाजूला धरायला लागला तर "तडी, तडी," म्हणजे थांब. आणि हवी ती झाक सगळीकडं सारखी दिसली की मान हलवून, "बंतल्ला!" म्हणजे, आला की! टाकीवरचा बशीर त्यांना डिवचायचा, "अप्पा, रंगकू मराठी नइ समजती क्या?"

"त्याचं आजोळ अक्कलकोटकडं हाय," अप्पा म्हणायचे. "तू गप लडी फिरीव."

गडद रंगात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे सोडा कधी टाकायचा. सोडा पडला की रंग जिथं असेल तिथं कायमचा बसतो. म्हणून रंग सुतावर दिसायला लागला तरी लगेच सोडा टाकायचा नाही. एक चहा होईपर्यंत थांबायचं, रंगाला सगळीकडं हिंडू द्यायचं, मग टाकायचा. घाई केली तर सुतावर ढग उठतात, कुठं गडद, कुठं फिकट, आणि मग कुणाच्या बापाकडूनही ते निघत नाहीत. हा 'एक चहा' अप्पांनी कधी कुणाला तोंडानं सांगितला नाही. ते फक्त उठून चहाला जायचे.

मागच्या वर्षी कंपनीत ज्ञान साठवायची मोहीम आली. दारावर पाटी लागली, 'माणूस जातो, ज्ञान राहिलं पाहिजे.' अप्पांनी ती दोनदा वाचली आणि मॅनेजर साहेबांना विचारलं, "साहेब, माणूसच ठिवला तर?"

साहेब हसले. अप्पा हसले नाहीत.

मोहिमेसाठी पुण्याहून एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या, पण सारख्या घाईत. त्यांच्याकडं एक टॅब होता. त्याच्यासमोर बोललं की तो आपोआप मराठीत लिहून काढायचा. त्याची पानं व्हायची. प्रत्येक पानावर रकाने, काम कोणतं, सामान काय, वेळ किती, गरमी किती. ती पानं पुढं टाकीजवळच्या पडद्यावर दिसणार आणि ऑपरेटर वाचून काम करणार.

मॅडम म्हणाल्या, "अप्पा, आम्हाला तुमचं टॅसिट नॉलेज हवंय."

"ते कुटल्या कंपनीचं येतंय?"

"म्हणजे जे तुमच्या डोक्यात आहे, पण कागदावर नाही ते."

"डोस्क्यात काय न्हाय बाई. हातात हाय. आन आदी तुमी एक द्या."

मॅडमनी ज्ञानाचे प्रकार सांगितले. अप्पांनी मान हलवली. "ह्ये तुमी वाचल्यालं. सोता केल्यालं द्या." मॅडमनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी थकून म्हणाल्या, "माझं बाळ झोपत नाही. मी मिक्सर रिकामाच चालू करते, त्या आवाजानं झोपतं." अप्पा इतके खूश झाले की दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. कँटीनमध्ये लोक मॅडमना अदबीनं विचारायला लागले, मिक्सर कुठल्या नंबरावर ठेवता? मॅडमचं तोंड लाल झालं. पण अप्पांनी त्याच दिवशी बोलायला सुरुवात केली.

अडलं ते नावावर. अप्पा प्रत्येक गोष्ट "मल्लय्यानं दिलं" करून सुरू करायचे आणि मॅडम ते खोडायच्या.

"अप्पा, नावाला रकाना नाहीये."

"मग पाडा की रकाना."

"पण त्याचा उपयोग काय?"

"उद्या चुकलं तर कुणाकडं जाऊन इचारणार?"

मॅडमनी टॅबकडं बघितलं. टॅबनं काही सांगितलं नाही. मल्लय्या, रहीमचाचा, गौरा, वाशीम, सगळे खोडले गेले. अप्पांना आणखी एक सांगितलं गेलं, की टॅबला कन्नड कळत नाही, मराठीतच बोलायचं.

मग साहेबांनी मला बोलावलं.

"ताई, तुमचं अक्षर बरं आहे. अप्पा तुमच्याशी बोलतात. टॅब जे लिहील ते तुम्ही वाचायचं, नीट करायचं, पान पक्कं करायचं. दीडशे पानं झाली की तुम्ही कायम."

कायम. हा शब्द मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी पटकन विचारून गेले, "आणि अप्पा?"

"अप्पांना पानं होईपर्यंत मुदतवाढ दिलीये. पुढं त्यांचं वय झालंय ताई."

म्हणजे असं होतं. मी एक पान पक्कं केलं की मी एक पाऊल आत आणि अप्पा एक पाऊल बाहेर. ज्या माणसानं गाठ शिकवून मला ठेवलं होतं, त्याला मीच पानापानानं दाराकडं ढकलत न्यायचं होतं.

मी कामात वेळ काढायला लागले. एकच पान तीनतीनदा लिहायचे. टॅब बंद पडला म्हणायचे. डोळे आलेत म्हणायचे. महिना संपता संपता मॅडमचे फोन वाढले आणि साहेबांनी एकदा नुसतं माझ्या टेबलापाशी थांबून बघितलं. त्या बघण्यानं मला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी अप्पा येऊन बसले. "वाशीम, आठ दिवसांत एकच पान? हाताला मेंदी लागलीया का?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

"रडायला काय झालं? मला ठाऊक न्हाय व्हय पानं झाल्यावर काय हाय ते? साहेबांनी तुला सांगितलं, तसं मला बी सांगितलं की." मग बाकावर नीट मांडी घालून म्हणाले, "चालू कर ते डबडं. मी जाणारच हाय. आज न्हाय तर दिवाळीला. तू कशाला माझ्यासंगं जातीस?"

मी सवयीनं म्हटलं, "थांबा, आज मी काय देऊ ते आठवते."

"ऱ्हाऊ दे."

"पण एक दे, एक..."

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं. लिही."

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला काही फुकट दिलं असेल तर ते मला, त्या चार आठवड्यांत. सकाळी आल्याबरोबर सुरू व्हायचे. जेवताना सांगायचे. टाकीवर उभं राहून सांगायचे, पलीकडून बशीर हाक मारतोय, वाफ येतेय, आणि हे टॅबकडं तोंड करून ओरडतायत. रोज सहा पानं, सात पानं. मी वाचायची, नीट करायची, पक्कं करायची. कधी कधी मला वाटायचं, हा माणूस घर रिकामं करतोय, आणि मी दारात उभी राहून एकेक भांडं टेम्पोत चढवतेय.

दीडशेवं पान एका शनिवारी झालं. पुढच्या शनिवारी निरोप समारंभ. शाल, नारळ, पेढे. साहेबांनी भाषण केलं आणि म्हणाले, अप्पा, दोन शब्द बोला. अप्पा उभे राहिले आणि नावं घ्यायला लागले. फक्त नावं. कुणी काय दिलं ते नाही, नुसती नावं, एकामागून एक, मराठी, तेलुगू, कन्नड, मुसलमान, बायका, गडी. पहिल्यांदा लोक हसले. मग चुळबुळले. मग जेवायची सुट्टी झाली आणि मागचे उठून जायला लागले. साहेब घड्याळ बघत होते. अप्पा बोटं मोजत पुढंच चालले होते. शेवटी माईक बंद झाला, तो बंद केला की पडला ते मला माहीत नाही. अप्पांच्या ओठांची हालचाल मात्र बराच वेळ चालू होती.

ते वळसंगला भावाच्या घरी गेले. मुलगा बंगळुरूला आहे, फोन लावला तर म्हणतो, पप्पा, मी नेटवर बघतो. मी कायम झाले.

दोन महिन्यांनी मरून रंगाची मोठी ऑर्डर आली. नवा ऑपरेटर होता. त्यानं पडद्यावरचं पान वाचून सगळं केलं. ओल्यात काही कळलं नाही. सूत वाळलं, मागावर गेलं, टॉवेल विणून झाले, आणि उजेडात उलगडल्यावर दिसलं. प्रत्येक टॉवेलवर पट्टे, गडद, फिकट, गडद, फिकट. अख्खी ऑर्डर गेली.

चौकशी लागली. पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'रंग आला की सोडा टाक.' खाली पान पक्कं करणाऱ्याची सही, माझी.

बोलणं साठवायला टॅबमध्ये जागा नव्हती म्हणून आवाज कधीच पुसले होते. राहिली होती ती नुसती अक्षरं. पण मला ती दुपार आठवत होती. ते पान सांगितलं त्या दिवशीही टाकीत मरूनच चालू होता. रंग दिसायला लागला तसे अप्पा बोलायचे थांबले आणि चहाला गेले. मी, त्या दिवशी पुण्याहून आलेल्या मॅडम आणि टॅब तिथंच. ते परत आले, वाकले, आणि तोंडातून "बंत..." निघालं तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "अप्पा, मराठीत." मग ते म्हणाले, "रंग आला की. सोडा टाक."

म्हणजे, बघ, रंग आलाय, आता टाक सोडा. सोलापुरात हा 'की' असा लावतात. पण टॅबला पूर्णविराम ऐकू येत नाही. त्यानं एका ओळीत लिहून टाकलं, 'रंग आला की सोडा टाक,' म्हणजे आल्याबरोबर टाक. मधला चहा तर त्याला दिसलाच नव्हता. आणि मी? मी इतकी वर्षं सोलापुरात राहते, कानाला तो 'की' बरोबर कळतो. डोळ्यांनी वाचताना मात्र मी वाशीमची झाले. आमच्याकडं असं म्हणायचं तर 'आला ना' म्हणतात. दिवसाला सात पानं पक्की करायच्या नादात मी ती ओळ वाचली, बरोबर वाटली, आणि सही केली.

साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत चूक-पत्रक भरून आणा. कुणाची चूक ते स्पष्ट लिहा. वर पाठवायचंय." ज्याचं नाव तिथं येईल त्याची नोकरी जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुपारीच सुट्टी टाकून मी जीपनं वळसंगला गेले. घर रस्त्यालाच आहे. अप्पा ओसरीवर एकटे बसले होते, इस्त्री केलेला शर्ट, मनगटाला घड्याळ. आत भावाची सून टीव्ही बघत होती. मला बघून ते उठून उभे राहिले, इतक्या घाईनं की चप्पल उलटी पायात गेली.

"काय अडलं का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. तोंडावर जे हसू होतं ते बघून मला सांगवेना.

सांगितलं. पान छापून आणलं होतं, ते दाखवलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, 'रंग आला की सोडा टाक.' पुन्हा वाचलं, मध्ये थांबून. मग हसले. "कन्नडात बोलू दिलं असतं तर एक धागा बी गेला नसता." नंतर हसणं विरलं. "सगळी आर्डर?"

"सगळी."

"हं." त्यांनी पान माझ्यापुढं सरकवलं. "आदी ह्ये पान सुदार. लिही, रंग दिसल्यावर एक चहा थांबायचं. आणि चहा म्हंजी किती मिंटं ते बी लिही, न्हायतर नवं पोरगं कपात वतून घिऊन बसंल." मी लिहिलं. "आता दुसरा कागद दे."

चूक-पत्रक त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि वरून खाली बोट फिरवत वाचलं. बोट एका ठिकाणी थांबलं. तिथं छापलं होतं, 'जबाबदार व्यक्तीचे नाव.'

"बघ," अप्पा म्हणाले. "ह्या कागदात नावाचा रकाना हाय की."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्याकडचा पेन घेतला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. खाली कारणात लिहिलं, मास्तरने चुकीचे सांगितले.

"अप्पा, चूक माझी आहे. तुमची एकही लडी कधी..."

"माझं काय काढून घेणार हायत? शाल? न्या म्हणावं, उन्हाळ्यात हाय कुणाला पायजे."

"लोक काय म्हणतील?"

"तुला खोलीचं भाडं भरायचंय म्हैन्याच्या म्हैन्याला. मला काय, ओसरीवर बसायचंय."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. पत्रक वर गेलं, मान्य झालं. माझी नोकरी राहिली. आता कारखान्यात कुणी अप्पांचं नाव काढलं तर म्हणतात, म्हातारा जाताजाता चुकीचं सांगून गेला, मुद्दामच असेल. बशीर त्यांच्याशी भांडतो. मी तिथंच लडी मोजत असते. मला खरं माहीत आहे, आणि मी तोंड उघडत नाही. धीर होत नाही. हे लिहायला एवढा वेळ लागला तो त्यामुळंच.

त्या दुपारी मात्र मी कागद पिशवीत घातले आणि उठले. अप्पाही उठले. सून आतून म्हणाली, "मामा, च्या टाकू का?" पण तिची नजर टीव्हीवरच होती. अप्पांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आनिक काय इचारायचं होतं का?"

"नाही अप्पा. झालं सगळं."

"झालं व्हय." ते परत बसले. शर्टाची बाही सारखी केली. "दीडशे पानं झाल्याती म्हणल्यावर आता काय ऱ्हायलं असणार."

मी पायरीवर थांबले. रंगखात्यातलं मला आता सगळं ठाऊक होतं. पान नंबरासकट ठाऊक होतं. तरी मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "अप्पा, काळ्याला मीठ एकदम का घालत नाहीत? तीनदा का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. ते पान त्यांनीच सांगितलं होतं, मीच लिहिलं होतं, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

"बस खाली," ते म्हणाले. "त्ये असं हाय बघ. काळा हा लई आदाशी रंग..."

समोरून सोलापूरची जीप हॉर्न देत गेली. मी हात केला नाही.